नाव तेच, सिलिकॉन निराळे

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला टायमर बनवणारा छोटा कारखाना घ्या, डोंबिवली एमआयडीसीतला पंपाची कंट्रोल पॅनल जुळवणारा गाळा घ्या किंवा कल्याणमधले इन्व्हर्टर आणि वॉशिंग मशीनचे बोर्ड दुरुस्त करणारे दुकान घ्या. मायक्रोकंट्रोलर बहुतेक ठिकाणी एकाच पद्धतीने विकत घेतला जातो. बिलावर पार्ट नंबर असतो, चिपच्या पाठीवर तोच नंबर छापलेला असतो, दोन्ही जुळले की माल आत. पुढे नव्या लॉटमधले थोडे बोर्ड विचित्र वागू लागतात. डिस्प्ले कधी उठतो, कधी नाही. एखादा इनपुट बटण न दाबता ‘हाय’ दिसतो. यूएसबी एका संगणकावर लागते, दुसऱ्यावर लागत नाही. मग दोष सोल्डरिंगला दिला जातो, विजेच्या चढउताराला दिला जातो आणि जून ते सप्टेंबर या काळात तर हमखास ओलाव्याला. चिपवर संशय जात नाही, कारण तिचे नाव बरोबर असते. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे की पार्ट नंबर ही चिपची पूर्ण ओळख नव्हे. वरचा छाप, आतला ओळखक्रमांक आणि चिपची रचना व वागणूक असे तीन पुरावे असतात. त्यांतला एकही एकट्याने भरवशाचा नाही. तिन्ही एकमेकांशी ताडून पाहिले आणि ते कुठे जुळत नाहीत याची नोंद ठेवली, तरच लॉटबद्दल काही खात्रीने बोलता येते.

आधी रिव्हिजन म्हणजे काय ते पाहू. मायक्रोकंट्रोलर बाजारात आल्यावरही त्याचे सिलिकॉन बदलत राहते. वापरकर्त्यांना किंवा उत्पादकाला दोष सापडतात, उत्पादक ते ‘एराटा’ नावाच्या पत्रकात जाहीर करतो, आणि पुढच्या खेपेत मास्क बदलून त्यांतले काही दुरुस्त करतो. पार्ट नंबर बहुधा तोच राहतो. बदलते ते एखादे अक्षर किंवा एखादा आकडा. स्टेशनच्या इंडिकेटरवर ‘कल्याण’ लिहिलेले असले तरी गाडी बारा डब्यांची की पंधरा हे वेगळे बघावे लागते, आणि प्लॅटफॉर्मवर उभे कुठे राहायचे ते त्यावर ठरते. पार्ट नंबर आणि रिव्हिजन यांचे नाते तसेच आहे. मात्र प्रत्यक्षात रिव्हिजनच्या प्रश्नात आणखी दोन प्रश्न मिसळलेले असतात. एक, त्याच उत्पादकाच्या जवळच्या नावांच्या भावंड चिपा, उदाहरणार्थ एटीमेगा३२८पी आणि एटीमेगा३२८पीबी. दोन, दुसऱ्या उत्पादकाची पिनला पिन जुळणारी चिप, जी कधी स्वतःच्या नावाने येते तर कधी दुसऱ्याचे नाव पाठीवर छापून. पहिल्या, म्हणजे रिव्हिजनच्या प्रश्नाला एराटा वाचणे हे उत्तर आहे, दुसऱ्याला डेटाशीट पुन्हा वाचणे आणि तिसऱ्याला पुरवठादाराला जाब विचारणे. म्हणून आपण या तिन्हींपैकी कोणत्या प्रकरणात आहोत हे ठरवणे हेच ओळख पटवण्याचे पहिले काम.

पहिला पुरावा: पाठीवरचा छाप

छापाला अनेक जण एकदम निकालात काढतात, तेही योग्य नाही. त्यात पार्ट नंबराखेरीज बरीच माहिती असते. वर्ष आणि आठवडा दाखवणारा तारीख-कोड असतो, कारखान्याचा आणि लॉटचा संकेत असतो, आणि कित्येक उत्पादक रिव्हिजनही छापतात. एसटीएम३२ मालिकेच्या डेटाशीटमध्ये शेवटी पॅकेजचे चित्र असते; रिव्हिजनचे अक्षर कोणत्या कोपऱ्यात छापलेले असते ते त्यात दाखवलेले असते. रास्पबेरी पायच्या आरपी२०४०वर ‘बी०’, ‘बी१’ किंवा ‘बी२’ हे उघड वाचता येते. ईएसपी३२ मोड्यूलवर धातूचे झाकण असल्याने आतली चिप दिसत नाही, पण झाकणावरचे नाव ‘वरूम-३२’ आहे की ‘वरूम-३२ई’ एवढ्यावरून आत जुनी चिप आहे की तिसऱ्या रिव्हिजनची, याचा चांगला अंदाज येतो. भिंग आणि तिरपा उजेड वापरून नव्या लॉटमधल्या चार-पाच चिपांचे फोटो काढून ठेवणे ही फुकटात होणारी तपासणी आहे. कापलेल्या टेपच्या तुकड्यांतून माल आला असेल तर प्रत्येक तुकड्यातली चिप स्वतंत्र बघावी, कारण अशा पुडीत दोन-तीन वेगवेगळे लॉट सहज एकत्र येतात.

छापाबाबत दोन सापळे लक्षात ठेवावेत. पहिला असा की अक्षरांचा क्रम वर्णमालेप्रमाणे असेल असे गृहीत धरले जाते. एसटीएम३२एफ१०३च्या मध्यम क्षमतेच्या चिपांमध्ये ‘ए’, ‘बी’, मग ‘झेड’ आणि त्यानंतर ‘वाय’ असा क्रम आहे. एसटीएम३२एच७४३मध्ये ‘वाय’ जुनी आणि ‘व्ही’ नवी. अक्षर पाहून नवे-जुने ठरवू नका. त्या चिपच्या एराटा पत्रकातला तक्ता काढूनच ठरवा. दुसरा सापळा बनावट छापाचा. जुन्या किंवा दुसऱ्याच चिपची पाठ घासून, तिच्यावर काळा थर देऊन नवे नाव उमटवले जाते. अ‍ॅसिटोनमध्ये बुडवलेला कापूस फिरवून थर निघतो का ते पाहण्याची चाचणी सर्वांना माहीत आहे. ती मोकळ्या हवेत आणि आगीपासून दूर करावी. पण थर निघाला तर चिप बनावट हे सिद्ध होते. निघाला नाही तर अस्सल हे सिद्ध होत नाही, कारण आता अ‍ॅसिटोनला दाद न देणारे थरही वापरले जातात. छाप दिशा दाखवतो, निकाल देत नाही.

दुसरा पुरावा: आतला ओळखक्रमांक

चिपच्या आत उत्पादकाने कोरलेला क्रमांक असतो आणि प्रोग्रामर जोडला की तो वाचता येतो. एसटीएम३२एफ१०३मध्ये तो हेक्स ई००४२००० या पत्त्यावर आहे. खालच्या बारा बिट्समध्ये चिपचा गट कळतो: मध्यम क्षमतेसाठी ४१०, कमी क्षमतेसाठी ४१२, मोठ्या क्षमतेसाठी ४१४. वरच्या सोळा बिट्समध्ये रिव्हिजन असते: ‘बी’साठी २०००, ‘झेड’साठी २००१, ‘वाय’साठी २००३. एव्हीआर चिपांमध्ये तीन बाइटची सिग्नेचर असते: एटीमेगा३२८पीची १ई ९५ ०एफ, साध्या ३२८ची १ई ९५ १४ आणि ३२८पीबीची १ई ९५ १६. अनेक पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळांत अजूनही दिसणाऱ्या एटी८९सी५१मध्ये पहिले दोन बाइट १ई आणि ५१; तिसरा बाइट एफएफ असेल तर चिपला प्रोग्रामिंगसाठी १२ व्होल्ट लागतात, ०५ असेल तर ५ व्होल्ट पुरतात. शेल्फवर शेजारी शेजारी पडलेल्या, दिसायला जवळजवळ एकसारख्या दोन चिपांमधला हा फरक त्या एका बाइटमध्ये आहे, आणि प्रोग्रामरवर चुकीचा पर्याय निवडला तर काम बिघडते.

इतके स्पष्ट क्रमांक असताना छापाची काय गरज, असे वाटेल. पण क्रमांकही फसवतो, आणि त्याची उदाहरणे खुद्द उत्पादकांच्याच पत्रकांत आहेत. एसटीएम३२एफ४०७ची पहिली रिव्हिजन ‘ए’ स्वतःची ओळख ४११ अशी सांगते. हा क्रमांक एसटीएम३२एफ२ मालिकेचा आहे. बरोबर क्रमांक ४१३ नंतरच्या रिव्हिजनमध्ये आला. एसटीएम३२एफ१०३च्या मध्यम क्षमतेच्या चिपांमध्ये दुसराच दोष आहे. ओळखीचे रजिस्टर डीबगर जोडलेला असतानाच वाचता येते. चिपमध्ये चालणाऱ्या तुमच्या प्रोग्रामने ते वाचले तर शून्य मिळते. म्हणजे टेबलावर बरोबर चाललेली तपासणी ग्राहकाच्या पॅनलमध्ये बसवल्यावर निरुपयोगी ठरते. एटीमेगा८ आणि तिची नंतरची आवृत्ती एटीमेगा८ए यांची सिग्नेचर एकच आहे, १ई ९३ ०७. तिथे क्रमांक फरक सांगूच शकत नाही आणि छापाकडेच वळावे लागते. आरपी२०४०मध्ये चिपच्या आवृत्तीचे रजिस्टर बी० आणि बी१ या दोघींसाठी एकच उत्तर देते. त्यांना वेगळे करायचे तर बूट-रॉमची आवृत्ती वाचावी लागते, जी बी०मध्ये १, बी१मध्ये २ आणि बी२मध्ये ३ आहे. आकडा हेक्समध्ये लिहिलेला असला म्हणजे तो निर्विवाद असतो असे नाही.

आणखी एक सवय इथेच सोडायला हवी. प्रोग्रामरने ‘ओळख जुळत नाही’ असे सांगितले की तो इशारा बंद करण्याची ओळ शोधून टाकायची. ओपनओसीडी हा प्रोग्राम एसटीएम३२एफ१०३साठी १बीए०१४७७ या क्रमांकाची अपेक्षा ठेवतो आणि २बीए०१४७७ मिळाला तर थांबतो. लोक अपेक्षित क्रमांक शून्य करून पुढे जातात. एव्हीआरड्यूड सिग्नेचर जुळली नाही की नकार देतो. लोक सक्तीचा पर्याय लावतात. दोन्ही वेळा काम पुढे सरकते, आणि नेमकी तीच माहिती फेकली जाते जी लॉट अडवण्यासाठी पुरेशी होती. यात एक बारकावाही आहे. २बीए०१४७७ हा क्रमांक चिप कोणी बनवली ते सांगत नाही, तो एआरएमच्या डीबग पोर्टची आवृत्ती सांगतो. एसटीएम३२ बनवणाऱ्या एसटी कंपनीच्याच एफ४ मालिकेतही तो अस्सलपणे येतो. म्हणून त्यावरून लगेच ‘नकली’ असा शिक्का मारू नये. निष्कर्ष एवढाच काढावा की पाठीवर एफ१०३ लिहिलेल्या चिपच्या पोटात एफ१०३ला न शोभणारे काहीतरी आहे. पुढचा पुरावा मागायला तेवढे पुरे आहे.

तिसरा पुरावा: रचना आणि वागणूक

तिसरा पुरावा हा चिपच्या अंगभूत गोष्टींचा, ज्या नाव बदलून लपत नाहीत. एआरएम गाभ्याचा स्वतःचा एक क्रमांक हेक्स ई०००ईडी०० या पत्त्यावर असतो. एसटीएम३२एफ१०३मध्ये तो ४११एफसी२३१ मिळतो, कारण त्यात कॉर्टेक्स-एम३ची जुनी, आर१पी१ ही आवृत्ती आहे. गिगाडिव्हाइसच्या जीडी३२एफ१०३मध्ये ४१२एफसी२३१ मिळतो, कारण त्यात आर२पी१ आहे. हा क्रमांक चालू प्रोग्रामलाही वाचता येतो, त्यामुळे ओळखीचे रजिस्टर शून्य देत असतानाही तो उपयोगी पडतो. एफ४०७च्या खोट्या ४११चा उलगडाही याच वाटेने झाला: एफ२मध्ये कॉर्टेक्स-एम३ आहे, एफ४मध्ये एम४, गाभ्याचा क्रमांक पाहिला की घोटाळा मिटतो. पहिले दोन पुरावे एकमेकांशी भांडत असतील तेव्हा तिसरा निवाडा करतो तो असा.

वागणूक याहून जास्त बोलकी असते, पण तिचा अर्थ लावताना सावध राहावे. जीडी३२एफ१०३ फ्लॅशमधल्या सुरुवातीच्या मोठ्या भागातून प्रतीक्षा न करता सूचना उचलते, तर एसटीच्या चिपला ७२ मेगाहर्ट्झवर फ्लॅशसाठी दोन प्रतीक्षा-चक्रे लागतात. त्यामुळे रिकामे लूप फिरवून वेळ काढणारा कोड जीडी३२वर लवकर संपतो. सोळा बाय दोनच्या एलसीडीला सुरुवातीच्या आज्ञांमध्ये ठराविक वेळ द्यावा लागतो. तो लूपने मोजला असेल तर तेच फर्मवेअर एका लॉटवर चालते आणि दुसऱ्यावर डिस्प्ले कोरा राहतो. इथे चिप सदोष नाही, तिच्या वेगाबद्दल आपण धरलेले गृहीतक सदोष आहे. उलट आरपी२३५०च्या ए२ स्टेपिंगमध्ये (म्हणजे रिव्हिजनमध्ये) दोष खरोखर चिपमध्ये आहे: अंतर्गत पुल-डाउन लावलेला इनपुट सुमारे २.२ व्होल्टवर अडकून राहू शकतो, आणि उत्पादकाने ८.२ किलोओहम किंवा त्याहून कमी रोधाचा बाहेरचा पुल-डाउन वापरायला सांगितले. २०२५मध्ये आलेल्या ए४ स्टेपिंगमध्ये हा दोष दूर झाला. ठाणे-डोंबिवलीच्या पावसाळ्यात असा इनपुट उगाच ‘हाय’ दिसला, तर बोर्डावर लॅकर मारणे आणि हीटर लावणे सुरू होईल. रिव्हिजन वाचली असती तर एका रेझिस्टरवर काम भागले असते.

आता तिन्ही पुरावे एकत्र वाचायचे कसे ते पाहू. छाप, क्रमांक आणि रचना तिन्ही जुळत असतील तर एराटातल्या त्या रिव्हिजनच्या रकान्यापुढे जे लिहिले आहे ते लागू करायचे, एवढेच काम उरते. छाप आणि क्रमांक जुळतात पण रिव्हिजन आधीच्या लॉटपेक्षा वेगळी आहे, तर हा पहिल्या प्रकारचा, प्रामाणिक बदलाचा प्रश्न. माल परत करायचा नाही, चाचणी पुन्हा करायची. क्रमांकाने भावंड चिप दाखवली तर पिनचा तक्ता उघडायचा. एटीमेगा३२८पीच्या चौकोनी पॅकेजमध्ये पिन ३ ग्राउंड आणि पिन ६ पुरवठा आहे. ३२८पीबीमध्ये त्याच दोन पिना पोर्ट-ईच्या आहेत. जुन्या बोर्डावर पीबी बसवून त्या पिना चुकून आउटपुट केल्या तर पिन थेट ग्राउंडशी किंवा पुरवठ्याशी भिडते. शिवाय पीबीमध्ये ‘फुल स्विंग’ क्रिस्टल ऑसिलेटर नाही, त्यामुळे मोटार आणि कॉन्टॅक्टरच्या गोंगाटात तो पर्याय भरवशाचा म्हणून निवडलेले जुने डिझाइन तसेच्या तसे उचलता येत नाही. आणि छाप एका उत्पादकाचा, गाभा दुसऱ्याच आवृत्तीचा असे निघाले, तर तो तिसरा प्रकार: फोटो आणि वाचलेले आकडे पुरवठादारासमोर ठेवायचे.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

पहिला आक्षेप असा घेतला जातो की नवी रिव्हिजन म्हणजे दुरुस्त केलेली चिप, तिची धास्ती कशाला. दोष कमी झालेले असतात हे खरे. पण सुधारणाही बदलच असतो. एसटीएम३२एच७४३ची ‘वाय’ रिव्हिजन ४०० मेगाहर्ट्झपर्यंत चालते, ‘व्ही’ ४८०पर्यंत. नव्या चिपवर ४८०ला तयार केलेले फर्मवेअर गोदामात उरलेल्या जुन्या चिपेवर चढवले, तर ती मर्यादेबाहेर चालेल. उलट दिशेनेही गडबड होते: ‘व्ही’मध्ये अ‍ॅनालॉग मापनाच्या घड्याळाची विभागणी बदलली आहे, म्हणून रजिस्टरला थेट हात लावणारा ‘वाय’साठीचा कोड ‘व्ही’वर वेगळ्या वेगाने नमुने घेतो. याच कारणाने एसटीची लायब्ररी चालू असताना रिव्हिजन वाचून हिशोब बदलते. एफ४०७ची गोष्ट याहून शिकवणारी आहे. ‘ए’ रिव्हिजनमध्ये फ्लॅशची प्रीफेच सोय वापरता येत नव्हती, ‘झेड’मध्ये ती आली. एसटीच्या सुरुवातीच्या उदाहरण-कोडमध्ये अट होती ‘रिव्हिजन बरोबर १००१ असेल तर प्रीफेच चालू करा’. १००१ म्हणजे ‘झेड’. त्यानंतर आलेल्या रिव्हिजनचे क्रमांक वेगळे होते, म्हणून ही अट जशीच्या तशी उचललेल्या फर्मवेअरमध्ये नव्या, निर्दोष चिपेवर प्रीफेच बंदच राहिली. नंतरच्या उदाहरणांत ‘१००१ किंवा पुढचे’ अशी अट आली. रिव्हिजन वाचणे पुरेसे नसते, वाचून काय ठरवायचे याचाही विचार करावा लागतो.

दुसरा आक्षेप: अधिकृत वितरकाकडून घ्या, प्रश्नच मिटला. अधिकृत खरेदीने तिसऱ्या प्रकारचा, बनावटीचा धोका खूप कमी होतो. त्याबद्दल वाद नाही. पण पहिल्या प्रकाराचा प्रश्न तसाच राहतो, कारण अधिकृत वितरकही त्या दिवशी साठ्यात असलेली रिव्हिजन पाठवतो. अधिकृत वाटेचा खरा फायदा वेगळा आहे: बदलाची सूचना. जेडेकच्या जे-एसटीडी-०४६ या मानकाप्रमाणे उत्पादकाने मोठ्या बदलाची सूचना माल पाठवण्याआधी किमान ९० दिवस द्यायची असते. ही पत्रे वितरकामार्फत नोंदणीकृत ग्राहकाकडे येतात. कल्याणहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचे आणि लॅमिंग्टन रोडवरून रोखीत पन्नास चिपा आणायच्या, यात काही गैर नाही. पाच-दहा नगांच्या कामाला दुसरा मार्ग परवडतही नाही. पण त्या वाटेने सूचना येत नाही हे ओळखून तपासणी आपण करायची. २०२१च्या तुटवड्यात नेहमी अधिकृत माल घेणाऱ्यांनाही दलालांकडे जावे लागले होते, हे विसरू नये.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: दोन माणसांच्या गाळ्यात एवढा वेळ कोणाकडे आहे? याचे उत्तर असे की प्रोग्रामर प्रत्येक चिपला एकदा जोडला जातोच. त्याच जोडणीत ओळख, रिव्हिजन आणि गाभ्याचा क्रमांक वाचून फाइलमध्ये लिहिण्याची स्क्रिप्ट एकदाच बनवावी लागते. हाताळणी वाढत नाही. एसटीएम३२क्यूबप्रोग्रामर, ईएसपीटूल, एव्हीआरड्यूड आणि पिकोटूल ही चारही साधने विनामूल्य मिळतात, ओळख वाचून दाखवतात आणि आज्ञा-ओळीवरून चालतात. एफ१०३सारख्या चिपेत चालू प्रोग्रामला रिव्हिजन दिसत नाही, म्हणून स्क्रिप्टने ती डीबगरमधून वाचून फ्लॅशच्या शेवटच्या पानात लिहून ठेवावी. मग ग्राहकाकडून परत आलेला बोर्ड स्वतःच सांगेल की तो कोणत्या सिलिकॉनवर उभा आहे. फर्मवेअरमध्ये चाचणी झालेल्या रिव्हिजनची उघड यादी असावी, आणि यादीबाहेरचा आकडा आला तर सुरक्षित, हळू वाट धरून इशाऱ्याचा दिवा लावावा. ईएसपी३२ने हे शहाणपण बूटलोडरमध्येच बसवले आहे. तिच्या पहिल्या रिव्हिजनमध्ये बाहेरच्या पीएसरॅमशी कॅशचा दोष होता. कंपायलरमध्ये त्यासाठी खास तोडगा घालावा लागला. तिसऱ्या रिव्हिजनमध्ये तो दोष गेला. तोडगा वगळून तिसऱ्या रिव्हिजनसाठी बांधलेले फर्मवेअर जुन्या चिपेवर चढवले तर बूटलोडर किमान रिव्हिजन तपासून ते सुरूच करत नाही. सुरूच न होणारा बोर्ड टेबलावरच सापडतो. अधूनमधून अडखळणारा बोर्ड ग्राहकाच्या कारखान्यात सापडतो, आणि तिथे जाऊन आणण्याचा खर्च चिपच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त असतो.

चौथा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे: दुसऱ्या उत्पादकाची जुळती चिप स्वस्त आहे आणि चालते, मग हरकत काय? हरकत चिपेला नाही. जीडी३२ हे स्वतःच्या नावाने, स्वतःच्या डेटाशीटसह विकले जाणारे उत्पादन आहे. त्यावर पुन्हा चाचणी करून त्याला आपल्या यादीत वेगळा पार्ट नंबर द्यावा आणि खुशाल वापरावे. हरकत आहे ती एकाची चिप दुसऱ्याच्या नावाने साठ्यात शिरण्याला, कारण मग ज्याचा एराटा वाचायचा त्याचेच नाव माहीत नसते. ‘चालते’ या शब्दाचाही पुरावा म्हणून जपून उपयोग करावा. एसटीएम३२एफ१०३सी८वर ६४ किलोबाइट फ्लॅश जाहीर आहे, पण कित्येक चिपांवर १२८ किलोबाइटचा प्रोग्राम चालून जातो. म्हणून उरलेल्या अर्ध्या भागाची हमी मिळत नाही. उत्पादकाने तो भाग तपासून दिलेला नाही. टेबलावर एकदा चालणे आणि डेटाशीटने हमी देणे यांतले अंतर रिव्हिजनच्या प्रश्नातही तितकेच आहे.

दुरुस्ती करणाऱ्यांसाठी यातून थोडी वेगळी सूचना निघते. तुमच्याकडे बहुधा एकच बोर्ड असतो, मूळ सोर्स कोड नसतो. फार तर आधीच्या कामातली तयार हेक्स फाइल असते. अशा वेळी काढलेल्या चिपचा फोटो आणि वाचता येतील तेवढे क्रमांक आधी टिपा, आणि नवी चिप शक्यतो त्याच रिव्हिजनची किंवा त्याच काळातली शोधा. बोर्ड बदललेल्या चिपेवर चालू झाला तरी यूएसबी, क्रिस्टल, अ‍ॅनालॉग इनपुट आणि झोपेतून जागे होणे या चार गोष्टी स्वतंत्र तपासा, कारण एराटातल्या नोंदी या ठिकाणी वारंवार आढळतात. आरपी२०४०च्या बी२मध्ये दुरुस्त झालेला एक दोष असाच होता: गजबजलेल्या यूएसबी बसवर चिप रीसेटमधून बाहेरच येत नसे. एका लॅपटॉपला थेट जोडून तपासले तर तो दिसणारही नाही; हबमागे जोडला की दिसेल.

हे सगळे एका रजिस्टरात मावते. आवकेची तारीख, बिल क्रमांक, छापाचा फोटो, तारीख-कोड, ओळखक्रमांक, रिव्हिजन, गाभ्याचा क्रमांक आणि त्या रिव्हिजनसाठी एराटातल्या कोणत्या नोंदी आपल्या उत्पादनाला लागू आहेत, एवढे रकाने पुरतात. शेवटी आणखी एक रकाना ठेवा: ‘पुरावे जुळले का’. तिथे ‘नाही’ लिहिण्याची मुभा आवक तपासणाऱ्या माणसाला असली पाहिजे, आणि ‘नाही’ लिहिल्यावर कारण कळेपर्यंत लॉट बाजूला ठेवण्याचा अधिकारही. तो अधिकार नसेल तर ऑर्डरच्या घाईत प्रत्येक विसंगती ‘चालेल’ या शेऱ्याखाली जाईल आणि बाकीचे रकाने भरल्याचा उपयोग होणार नाही. चिपची रिव्हिजन ठरवणे आपल्या हातात नसते. कोणती रिव्हिजन आपल्या बोर्डावर बसेल हे ठरवणे असते.